भूगर्भशास्त्रांतील संशोधनाची जागा

शालान्त परीक्षेनंतर पुढें काय, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं निघतो. त्या वेळीं वैद्यक, अभियांत्रिकी व संगणक यांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात; भूगर्भशास्त्राचें नांव क्वचितच ऐकूं येतें. एखाद्यानें तें काढलेंच, तर "दगडांचा अभ्यास करून पोट कसें भरणार?" असें वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे व त्याचें सरळ उत्तर देणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. म्हणून या शास्त्रांतील वरची पायरी, म्हणजे पीएच्. डी. साठीं संशोधक विद्यार्थ्याची जी जागा असते ती काय वस्तु आहे, ती कोणास मिळते, आणि तिच्या तयारीस शाळेंत असतांनाच आरंभ कसा करितां येतो, याचा येथें विचार करूं.

एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. शाळेंतील बक्षीस गुणांच्या अनुक्रमानें मिळतें. संशोधनाची जागा तशी मिळत नाहीं. ती एक प्रकारची उमेदवारी आहे. सुताराच्या हाताखालीं मुलगा जसा काम करीत करीत शिकतो, तसा येथें विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखालीं, एका ठराविक प्रश्नावर, चार-पांच वर्षें काम करितो. गुणांमुळें दार उघडतें हें खरें. परंतु आंत बसावयास जागा मिळते ती बहुधा प्रश्नामुळें. ज्यानें आपला प्रश्न शोधला आहे, त्याला मार्गदर्शक शोधणें सोपें जातें. ज्याच्यापाशीं प्रश्न नाहीं, तो नुसते अर्ज करीत राहतो.

प्रश्न म्हणजे काय, हें उदाहरणानें स्पष्ट होईल. सह्याद्रीच्या कोणत्याहि मोठ्या घाटानें जातांना काळ्या खडकाचे थरावर थर रचलेले दिसतात, आणि कित्येक ठिकाणीं दोन थरांच्या मध्यें विटेच्या रंगाची एक तांबडी पट्टी दिसते. तो काळा खडक म्हणजे बसाल्ट. पृथ्वीच्या पोटांतून वर आलेला लाव्हा थिजून तो झाला. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत वरचा पृष्ठभाग झिजून, कुजून, त्याची माती झाली. पुढच्या लाव्ह्यानें ती झांकली. तीच ही तांबडी पट्टी. हा खडक आज सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे, आणि त्याचें वय सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षें आहे.

आतां याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहींसे झाले. त्याच काळांत मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर एक प्रचंड अशनि आदळला, हेंहि सिद्ध झालें आहे. मग जीवसृष्टीचा तो संहार अशनीनें केला, कीं आपल्या दख्खनच्या लाव्ह्यानें, कीं दोहोंनीं मिळून? याचें उत्तर देण्यास प्रत्येक थर नेमका केव्हां वाहिला हें कळलें पाहिजे. इ. स. १९१९ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ सालीं, 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकांत या प्रश्नावर दोन निबंध प्रसिद्ध झाले. प्रिन्स्टन येथील विद्वानांच्या तुकडीनें मुख्यतः त्या तांबड्या पट्ट्यांतून झिर्कॉन नांवाच्या खनिजाचे सूक्ष्म कण वेंचले, आणि त्यांतील युरेनियम व शिसें यांच्या प्रमाणावरून काल ठरविला. त्यांच्या मतें लाव्हा चार मोठ्या आवेगांत आला, व त्यांपैकीं एक आवेग अशनीच्या आघातापूर्वीं कांहीं दहा हजार वर्षांचा होता. बर्कली येथील तुकडीनें लाव्ह्यांतीलच फेल्डस्पार घेऊन अर्गॉन वायूच्या पद्धतीनें मापन केलें. त्यांच्या मतें लाव्हा बराचसा अखंड वाहत होता, आणि त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आघातानंतर बाहेर पडला. डोंगर तेच, दोन्ही तुकड्या निष्णात, आणि तरीहि निष्कर्ष भिन्न! अशा दोन निष्कर्षांच्या मध्यें जी मोकळी जागा असते, तीच नव्या संशोधकाची जागा.

परंतु "डायनोसॉर कां नष्ट झाले" हा कोणाहि एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय होऊं शकत नाहीं. मोठा प्रश्न कापून हाताएवढा करावा लागतो. एक घाट घ्यावा, त्यांतील दहा-बारा थर मोजावे, एका तांबड्या पट्टीची माती कोणत्या हवामानांत व किती काळांत झाली असेल तें ठरवावें, हा विषय चार वर्षांत पुरा होण्यासारखा आहे. त्यासाठीं उन्हांत हिंडून नमुने गोळा करावे लागतात. त्यांचे कागदाहूनहि पातळ छेद कांचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. रासायनिक पृथक्करण, आंकडेमोड, नकाशा काढणें, आणि शेवटीं तें सर्व स्वच्छ भाषेंत लिहिणें, एवढीं कामें एकाच माणसास करावीं लागतात.

दुसरें उदाहरण आपल्या विहिरीचें. महाराष्ट्राच्या सुमारें चार-पंचमांश भूमीखालीं हाच बसाल्ट आहे. एका शेतांतील विहीर वैशाखापर्यंत पुरते, आणि शेजारची माघांतच आटते, असें कां व्हावें? अखंड बसाल्ट पाणी धरीत नाहीं. पाणी राहतें तें त्याच्या भेगांत, झिजलेल्या थरांत व सच्छिद्र भागांत. त्या भेगा कोठें आहेत व एकमेकींस कशा मिळतात, हें प्रत्येक खोऱ्यांत निराळें असतें. तिसरें उदाहरण भूकंपाचें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस जें घडलें, तें ज्या घरांनीं भोगलें त्यांस या शास्त्राचा उपयोग समजावून सांगण्याची गरज नाहीं. कोयनेच्या परिसरांत भूकंपांचें मूळ शोधण्यासाठीं तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यांत आलें, आणि त्या कामासाठीं कऱ्हाड येथें एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी आहे. दगडांचा अभ्यास कशास करावा, याचें हें एक उत्तर.

आतां पायऱ्या पाहूं. बारावीस विज्ञानशाखा घ्यावी व गणित सोडूं नये. पुढें भूगर्भशास्त्र हा विषय पदवीस जेथें शिकवितात अशीं महाविद्यालयें थोडीं आहेत. पुण्याचें फर्ग्युसन, मुंबईचें सेंट झेवियर्स, सांगलीचें विलिंग्डन, गोव्यांत मडगांवचें चौगुले व पणजीचें धेंपे हीं त्यांपैकीं होत. ज्यास असें महाविद्यालय जवळ नाहीं, त्यानें पदार्थविज्ञान, रसायन किंवा गणित घेऊन पदवी मिळविली तरी सर्व दारें बंद होत नाहींत. भूभौतिकशास्त्र व भूरसायनशास्त्र यांना अशा विद्यार्थ्यांची गरज असते. त्यानंतर एम्. एस्सी.; ती पुणें किंवा नागपूर विद्यापीठांत करितां येते, अथवा 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या आय. आय. टी. सारख्या संस्थेंत.

पीएच्. डी. च्या प्रवेशासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत. एम्. एस्सी. स निदान ५५ टक्के गुण लागतात. अथवा चार वर्षांची पदवी असल्यास तींत ७५ टक्के. मागासवर्गीय व दिव्यांग विद्यार्थ्यांस यांत सवलत आहे. अभ्यासक्रमाची मुदत कमींत कमी तीन व सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षें. परीक्षा मुख्यतः दोन. एक 'नेट', ती वर्षांतून दोनदां घेण्याचा परिपाठ आहे, व तींत पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रह यांच्या विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. दुसरी 'गेट', वर्षांतून एकदां. तिचा निकाल तीन वर्षें ग्राह्य धरितात.

पोटाचा प्रश्न येथें सुटतो. 'नेट' मधून कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळालेल्यास १ जानेवारी २०२३ पासून ठरलेल्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये, आणि पुढें ज्येष्ठ वृत्ति मिळाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाड्याचा भत्ता निराळा. मात्र एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. २०२४ पासून या परीक्षेच्या निकालांत तीन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गास वृत्ति मिळते. शेवटच्यास केवळ प्रवेशाची पात्रता. प्रवेश मिळाला म्हणजे वेतन मिळालें, असें नव्हे. गरीब घरच्या विद्यार्थ्यानें हा खुलासा करून घेतल्यावांचून नांव नोंदवूं नये. वृत्ति न मिळाल्यास आणखी एक वाट आहे: एखाद्या शास्त्रज्ञास सरकारकडून प्रकल्पासाठीं पैसे मिळाले असले, म्हणजे त्या प्रकल्पावर संशोधक नेमण्याची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते. अशा जाहिराती दर आठवड्यास पाहण्याची संवय ठेवावी.

संस्थाहि विषयाप्रमाणें निवडाव्या. हिमालयाचें आकर्षण असणाऱ्यानें डेहराडूनची वाडिया संस्था पाहावी. जीवाश्मांची आवड असणाऱ्यानें लखनौची बिरबल साहनी संस्था. भूकंप व पृथ्वीचें अंतरंग यांसाठीं हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था. गोव्यांत दोनापावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि वास्को येथें अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालविणारें राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. यांपैकीं कित्येक संस्था स्वतः पदवी देत नाहींत. काम तेथें करावयाचें आणि नांव विद्यापीठांत नोंदवावयाचें, अशी व्यवस्था असते. अर्जापूर्वीं ती समजून घ्यावी.

एवढें झालें तरी मुख्य गोष्ट उरतेच, ती मार्गदर्शकाची. नियमाप्रमाणें एका प्राध्यापकास एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यक प्राध्यापकास चारच संशोधक विद्यार्थी घेतां येतात. म्हणून नकार आला तर तो नेहमीं आपल्या योग्यतेवरचा निकाल नसतो. पुष्कळदां जागाच रिकामी नसते. पण जागा असूनहि पुष्कळ पत्रांस उत्तर येत नाहीं, याचें कारण पत्रांतच असतें. "मला संशोधनाची अत्यंत आवड आहे, आपल्या हाताखालीं कोणताहि विषय चालेल, कृपा करून संधि द्यावी," असें एकच पत्र पन्नास जणांस धाडलें, तर तें पन्नासहि जण ओळखतात. आतां दुसरें पत्र पाहा: "तांबड्या थरांवरील आपला निबंध मीं वाचला. एम्. एस्सी. च्या कामासाठीं मीं त्याच घाटाच्या दक्षिणेस सात थर मोजले. दोन ठिकाणीं तांबड्या पट्टीची जाडी एकाएकीं बदलते. हें त्या वेळच्या चढउतारामुळें झालें, कीं काळाच्या कमीजास्तपणामुळें, हें मला उलगडलें नाहीं. येत्या वर्षीं आपल्याकडे जागा होणार आहे काय?" दुसऱ्या पत्रांत स्तुतीचा एक शब्द नाहीं, तरी त्याचा लेखक चाललेला आहे, वाचलेला आहे, आणि आपणांस काय कळत नाहीं हें त्यास कळतें, एवढें त्यांतून दिसतें. शिष्य निवडतांना गुरु हेंच पाहतो.

पत्र एका पानाचें असावें. सोबत गुणपत्रिका व आपल्या कामाचा सारांश जोडावा. दोन-तीन आठवडे वाट पाहून एकदां नम्रपणें आठवण द्यावी; तिसऱ्यांदा लिहूं नये. आणि निवड एकाच बाजूनें होत नाहीं, हेंहि विसरूं नये. त्या मार्गदर्शकाच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांस भेटावें. त्यांस किती वर्षें लागलीं, त्यांचें काम त्यांच्या नांवानें छापलें गेलें काय, डोंगरांत काम करितांना त्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेतली गेली काय, हें विचारावें. परीक्षण न करितां केवळ पैसे घेऊन निबंध छापणारीं नियतकालिकें, व पैसे घेऊन प्रवेश देऊं म्हणणारे मध्यस्थ, यांच्यापासून दूर राहावें.

परदेशीं जाण्याची इच्छा असल्यास तेथील रीति निरनिराळ्या आहेत. जर्मनी, नॉर्वे, स्वीडन या देशांत पुष्कळशा जागा नोकरीच्या जागेप्रमाणें विषयासह जाहीर होतात, व निवडलेल्या विद्यार्थ्यास पगार मिळतो. अमेरिकेंत अर्ज विभागाकडे करावयाचा असतो, बहुधा डिसेंबर-जानेवारीपर्यंत. तेथें अध्यापनांत किंवा संशोधनांत साहाय्य केल्याबद्दल शुल्काची माफी व वेतन मिळतें. पण पत्र दोन्हीकडे तेंच लागतें. आणि आपणांस जवळून ओळखणाऱ्या दोन-तीन शिक्षकांचीं शिफारसपत्रेंहि लागतात. मागच्या बांकावर तीन वर्षें मुकाट्यानें बसलेल्या विद्यार्थ्याविषयीं शिक्षक तरी काय लिहिणार?

या मार्गाची किंमतहि सांगितली पाहिजे. सोबती नोकरीस लागून घरें बांधतील, तेव्हां आपण वृत्तीवर राहात असूं. प्रयोग फसतील, नमुने वायां जातील. पदवी मिळाल्यावर प्राध्यापकाची जागा मिळेलच, अशी हमी कोणी देत नाहीं. ज्याच्या घरीं लौकर नोकरी लागणें अगत्याचें आहे, त्यानें एम्. एस्सी. नंतर संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा द्यावी. त्या वाटेनें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत किंवा केंद्रीय भूजल मंडळांत मानाची नोकरी मिळते, व तिला पीएच्. डी. लागत नाहीं. तो मार्ग कमी प्रतीचा मुळींच नव्हे. संशोधनाकडे त्यानेंच वळावें, ज्याला प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं.

घरच्यांच्या आणखी दोन शंका असतात. पहिली मुलींविषयीं: रानावनांत मुलीनें कसें हिंडावें? यास उत्तर नांवांनींच द्यावें हें बरें. १९८३ सालीं निघालेल्या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकास गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकीं एक, सुदीप्ता सेनगुप्ता, भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. आणि दुसऱ्या, नागपूरास जन्मलेल्या अदिती पंत, समुद्रशास्त्रज्ञ. दोघींपाशींहि पीएच्. डी. ची पदवी होती.

दुसरी शंका आपल्या ख्रिस्ती घरांतून विशेष ऐकूं येते: कोटि कोटि वर्षांच्या गोष्टी शिकून मुलाच्या श्रद्धेस धक्का तर बसणार नाहीं? त्यांनीं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें चरित्र वाचावें. स्कॉटलंडहून नागपुरास आलेल्या या मिशनऱ्यानें तेथें शाळा चालविली, सुवार्ता सांगितली, आणि त्याच पायांनीं हिंडून आसपासचे खडक व जीवाश्म गोळा केले. १८५५ सालीं त्यांचा व रेव्हरंड हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. १८६३ सालीं नदी ओलांडतांना बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचें हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेंच नांव धारण करितें. ज्या हातांत पवित्र शास्त्र होतें, त्याच हातांत हातोडी होती. एकासाठीं दुसरें त्यांनीं खालीं ठेविलें नाहीं.

आतां शाळेंत असतां काय करावें? खडकांचा मोठा संग्रह हवाच असें नाहीं. एक वही पुरे. विहीर खणली जात असेल तेथें जावें, वरून खालीं कोणकोणते थर लागले, किती हातांवर पाणी लागलें, हें तारीख घालून लिहावें व चित्र काढावें. जेथून दगड उचलला तें ठिकाण लिहून ठेवावें. ठिकाण ठाऊक नसलेला दगड अभ्यासाच्या उपयोगाचा नाहीं. गणिताचा कंटाळा करूं नये. इंग्रजी निबंध वाचतां येईल इतकी ती भाषा शिकावी, आणि पाहिलेलें मराठींत चार वाक्यांत नीट मांडण्याचा सराव ठेवावा. दाराशा नोशेरवान वाडिया हे १९०७ पासून जम्मूच्या महाविद्यालयांत शिकवीत होते. सुट्यांत जवळच्या डोंगरांत हिंडून त्यांनीं आपला अभ्यास वाढविला. भारताच्या भूगर्भावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१९ सालीं, ते अध्यापक असतांनाच, बाहेर पडला. पुढें १९५७ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. जवळ जो डोंगर होता तेथूनच त्यांनीं आरंभ केला.

ईयोबाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत खाणकाऱ्यांचें मोठें हृद्य वर्णन आहे. मनुष्य अंधारांत शिरतो, डोंगर मुळापासून उलथितो, रुपें व सोनें शोधून काढितो. परंतु ज्ञान मात्र त्याला कोणत्याहि खाणींत सांपडत नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. संशोधक विद्यार्थ्यानें तो अध्याय अवश्य वाचावा. दगड फोडल्यानें ज्ञान आपोआप बाहेर पडत नाहीं. तो कोणत्या प्रश्नासाठीं फोडावयाचा हें आधीं ठरलें पाहिजे, आणि उत्तर आपल्या मनासारखें न आलें तरी तेंच लिहिण्याचा प्रामाणिकपणा अंगीं पाहिजे. हीं दोन साधनें कोणत्याहि प्रयोगशाळेंतून उसनीं मिळत नाहींत. त्यांची संवय आपल्या शाळेच्या वर्गांतच लागावी लागते.